माननीय महोदय

शनिवारी दुपारी चार वाजता सिनेमा सुरू झाला आणि पाचव्या मिनिटाला सबटायटल्स बंद पडली.

ॲन आर्बरमधल्या फिल्म क्लबात पन्नासेक माणसं होती. पडद्यावर ओसाकातल्या दोन टोळ्या एका पुलाच्या मालकीवरून भांडत होत्या. सिनेमा अगदी कमी पैशांत काढलेला. निर्मात्याला एकच मोटरसायकल परवडली असावी, कारण ती दोन्ही टोळ्या आळीपाळीने वापरत होत्या.

क्लब चालवणाऱ्या सावनीने पहिल्या रांगेतल्या वडिलांच्या हातात माइक दिला. "बाबा, प्लीज. लोक उठायला लागलेत. तू जस्ट ट्रान्सलेट कर."

श्रीरंगरावांना आग्रह करावा लागला नाही. पुण्यात जपानीच्या परीक्षेत ते पहिले आले होते. मग नागोयाच्या कारखान्यात दोन वर्षं. तिथल्या निरोप समारंभात त्यांनी जपानीत भाषण केलं आणि पहिल्याच वाक्याला सगळे संचालक उठून उभे राहिले, हे महाराष्ट्र मंडळात प्रत्येकाने निदान एकदा ऐकलं होतं.

पडद्यावरचा टकला म्होरक्या सळई उगारून ओरडला, "किसामा!" आणि पुढे बरंच काही.

"माननीय महोदय," श्रीरंगरावांनी इंग्रजीत सांगितलं, "मी आपली हाडं मोडणार आहे."

हॉल खदखदला. उठलेले परत बसले. पुढचा तासभर माननीय महोदय एकमेकांना नाल्यात ढकलत राहिले. श्रीरंगराव मात्र गंभीर होते. 'किसामा' या शब्दातली दोन्ही जपानी चित्राक्षरं त्यांना पाठ होती. पहिलं 'थोर', दुसरं 'श्रीमान'.

सिनेमा संपल्यावर क्लबातल्या तरुण मुलांनी त्यांना गराडा घातला.

"बाबा, यू वेअर सो फनी," सावनी म्हणाली.

"यात फनी काय होतं?"

घरी जाताना गाडीत त्यांच्या पत्नी पद्मिनीबाईंनी विषय काढला.

"अहो, नागोयात आपल्या शेजारची बाई नवऱ्याला किसामा म्हणायची. आठवतं?"

"आठवतं की. भिंतीपलीकडून ऐकू यायचं. केवढी अदब."

"त्यानंतर दर वेळी बशी फुटायची."

श्रीरंगरावांनी ब्रेक दाबला. लाल सिग्नलला गाडी थांबली.

"एक विचारू? निरोपाचं ते भाषण तुम्ही सुरू कसं केलं होतं?"

सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न दिला. सिग्नल पिवळा झाला, परत लाल झाला. गाडी तिथेच होती.