दुपारचा डबा

डॉक्टरीणबाईंनी चिमट्यानं एकेक तुकडा उचलून स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवला. पाच निघाले. बोटाच्या पेराएवढे, दोन्ही टोकांना अणकुचीदार. टेबलावर ठोंब्या आडवा होता आणि त्याच्या अंगावर आता चादर ओढलेली होती.

“आतडं तीन ठिकाणी फाटलं होतं,” त्या म्हणाल्या. “हाड शिजवलेलं होतं.”

“शक्यच नाही,” ती म्हणाली. “मी सगळं कच्चं देते. तुमच्या तक्त्याबरहुकूम.”

“कच्चं हाड चावलं की त्याचा भुगा होतो. शिजवलेलं तडकतं, त्याच्या अशा सुया होतात. हे शिजवलेलंच आहे.”

ठोंब्या तिच्या नवऱ्याचा कुत्रा. त्यानंच आणलेला आणि नावही त्यानंच ठेवलेलं, कारण ‘बस’ म्हटलं की हा उभा राहायचा आणि ‘ये’ म्हटलं की धूम ठोकायचा. नवऱ्याला ट्रकनं उडवलं त्याला सव्वा वर्ष झालं. घरात उरल्या सासू, सून आणि हा ठोंब्या. त्यात याच्या अंगाला खाज सुटली, पाठीवर चट्टे पडले, केस गळाले. औषधं झाली, मलमं झाली, गुण म्हणून येईना. शेवटी डॉक्टरीणबाईंनी कच्च्या मांसावर ठेवून बघू म्हटलं आणि तक्ता लिहून दिला. पहिल्या आठवड्यात नेहमीच्या खाण्यात चार तुकडे कोंबडीचे, बिनहाडाचे. दुसऱ्यात निम्मं निम्मं. तिसऱ्यात सगळं कच्चं आणि सोबत हाडासकट मान.

तिनं वेगळी सुरी घेतली, वेगळा बोर्ड घेतला, छोटा वजनकाटा आणला. पहिल्या दिवशी ठोंब्यानं वाडगं हुंगलं आणि दुसऱ्या कुणाचं ताट चुकून आपल्यापुढे आलं असावं, अशा चेहऱ्यानं तिच्याकडे बघितलं. चौथ्या दिवशी वाडगं चाटूनपुसून साफ. पंधराव्या दिवशी खाजवणं थांबलं, तेव्हा तिला हसू आणि रडू एकदमच आलं.

सासूबाईंना हे मुळीच पटलेलं नव्हतं. “आजारी जिवाला कच्चं घालतात होय गं? माझ्या लेकाचा कुत्रा आहे तो, लांडगा नव्हे.” तरी दुपारचा डबा त्यांच्याच हाती होता. सकाळ-संध्याकाळचं ती घालायची, पण आठला कपड्यांच्या कारखान्यात गेली की सहाशिवाय परत येत नसे. लेक गेल्यापासून म्हातारीनं हातपाय गाळले होते. दिवसदिवस खिडकीशी बसून असायच्या, स्वयंपाकघरात पाऊल टाकत नसत. ठोंब्याला भरवायचं म्हटल्यावर त्या उठल्या, यातच तिला देव पावला. घाईघाईत एकदाच सांगून टाकलं, “फ्रिजमधला निळा डबा. आहे तसाच घाला, आई.” का, ते सांगितलं नाही. म्हाताऱ्या माणसाला उगाच कशाला धास्ती घालायची, असं वाटलं.

गेले पाच दिवस संध्याकाळी एक छोटं पातेलं धुऊन पालथं घातलेलं दिसायचं. आई पुन्हा आपल्यापुरता चहा करायला लागल्या, असं समजून ती मनातून सुखावली होती.

ट्रेकडे बघता बघता तिला ते पातेलं आठवलं. 

“घरात कुणी शिजवून घातलं असेल का?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“नाही,” ती म्हणाली.

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. तिच्या हातातला रिकामा पट्टा बघून त्या भिंतीला धरत धरत खाली बसल्या. बराच वेळ नुसत्या रडत राहिल्या. मग हाताच्या पालथ्या बाजूनं नाक पुसून म्हणाल्या, “तू रागावशील म्हणून बोलले नाही. पण ते मानेचं हाड आलं ना, तेव्हापासून दुपारचं मी उकळून घेत होते. चांगलं मऊ होईपर्यंत. फुंकर घालून भरवायची त्याला. तेवढ्यानं तरी चार दिवस जास्त काढले असतील ना गं त्यानं?”

तिला राग आला. खरंच आला, डोक्यात सणक गेली. सांगून टाकावं, एकटीनं का म्हणून गिळायचं, असंही वाटलं. पण त्या ट्रकवाल्याला रोज सकाळी तळतळून शिव्याशाप दिल्याशिवाय या बाईच्या घशाखाली घास उतरत नसे, हे तिनं सव्वा वर्ष बघितलं होतं. पोराच्या वेळी शिव्या द्यायला निदान कुणीतरी होतं.

“डॉक्टरीण काय म्हणाली?” सासूबाईंनी विचारलं. “कशानं गेला?”

ती त्यांच्या शेजारी खाली बसली.

“सकाळच्या कच्च्यानं, आई,” ती म्हणाली. “मी घालत होते त्यानं.”