सज्ञान

"आधार कार्डावर एकोणीस आहे," फौजदार म्हणाले.

"ते कार्ड मावशीनं काढलं. मी चौदाची आहे," वैजंता म्हणाली. मावशी म्हणजे तिला गावाहून आणून कुंटणखान्यात विकणारी बाई. धाडीनंतर पोलिसांनी दोघींना एकाच गाडीतून आणलं होतं. जन्माचा दाखला गावी आईकडे होता, पण तो मागवायला कुणाला सवड नव्हती.

कोर्टानं कार्ड पाहिलं आणि वैजंताला मुलींच्या बालगृहाऐवजी महिलांच्या सुधारगृहात पाठवलं. मावशी जामिनावर सुटून घरी गेली.

सुधारगृहाच्या अधीक्षकबाईंनी तिच्यापुढे कागद सरकवला. "इथं सही कर. तू सज्ञान आहेस."

"सज्ञान म्हणजे?"

"आपलं बरंवाईट जिला आपलं आपण ठरवता येतं ती."

वैजंतानं खाली मान घालून बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि ती उठली. "मग मी आईकडे जाते."

"तसं जाता येत नाही. कोर्टाचा हुकूम लागतो."

"पण मी सज्ञान आहे ना?"

बाईंनी कागद जवळ ओढला. वैजंतानं वळणदार अक्षरात आपलं पूर्ण नाव लिहिलं होतं आणि त्याखाली, इयत्ता सातवी, तुकडी ब.