तिसऱ्या मजल्यावरची गाय

“गाय कितव्या मजल्यावर बांधता हो?”

मंदाकिनीबाईंनी विचारलं तेव्हा नम्रताचे दोन्ही हात पिशवीत होते. मुळ्याचा पाला, बीटाचा पाला, फ्लॉवरची पानं ती एकावर एक रचत होती. रविवार सकाळची मंडई, भोवती गिऱ्हाइकांची दाटी. “घ्या, तुमच्या गाईचा पाला,” असं भाजीवाल्या कौशल्याबाई मोठ्याने म्हणाल्या, आणि नम्रताच्या सोसायटीच्या सेक्रेटरी असलेल्या मंदाकिनीबाई नेमक्या शेजारी मुळे घेत उभ्या होत्या. मांजर पाळायचं झालं तरी आमच्याकडे अर्ज करावा लागतो, त्या भाजीवालीला म्हणाल्या, गाय कधी आली ते कळलंच नाही.

ही गाय तीन महिन्यांपूर्वी जन्माला आली होती. नम्रताच्या मुलीचं, सृष्टीचं हिमोग्लोबिन आठवर आलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज पालेभाजी खाऊ घाला म्हणून सांगितलं. नेमकी तेव्हाच नवऱ्याच्या, संतोषच्या कंपनीत एक शिफ्ट बंद झाली. रोज पालेभाजी आणायची तर पोरीचं दूध तोडावं लागलं असतं. मग एका रविवारी ती कर्वेनगरहून बसने मंडईत आली. कौशल्याबाईंच्या गाळ्यासमोर रंगनाथकाका म्हणून एक गृहस्थ गोशाळेसाठी पोतंभर पाला फुकट नेत होते. तिचा नंबर आला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, मलाही द्या, गाईसाठी. वर घाबरून तिने हेही सांगून टाकलं की फार अशक्त झाली आहे बिचारी.

खोटं एकदा पाळलं की त्याचं चारापाणी करावं लागतं. कौशल्याबाई मांजरी गावच्या, बोलायला मोकळ्या. दर रविवारी गाईची चौकशी व्हायची. खाते का नीट? नम्रता सांगायची ते सृष्टीचं आणि अगदी खरं. आधी तोंड फिरवायची, आता खाते. ज्वारीच्या पिठात कालवून दिलं की पुन्हा मागते. कौशल्याबाई ऐकून घ्यायच्या आणि पाला द्यायच्या. निवडलेला, पिवळी पानं काढलेला, सुतळीने जुडी बांधलेला. बाई स्वभावानेच नीटनेटक्या, असं नम्रता समजायची.

आज पहिल्यांदाच सृष्टी बरोबर होती.

“गोशाळेला देत असतील,” कौशल्याबाई मध्येच म्हणाल्या. “धर्माचं काम हाय.”

नम्रताने नुसती मान हलवायची होती. ती हलवणारही होती. पण सृष्टी खाली स्वतःच्या चपलांकडे बघत होती. परवाच जिन्यात तिची मैत्रीण तनया तिला विचारत होती, डब्यात काय होतं गं? मेथी, सृष्टीने बेधडक सांगून टाकलं होतं. डब्यात मुळ्याचा पाला होता. नऊ वर्षांची पोर, आणि चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती. हे तिला कुणी शिकवलं, हे नम्रताला चांगलं ठाऊक होतं.

तिला लाज वाटली. आणि लगेच त्या लाजेचाच राग आला. तिने चोरी केली नव्हती. कुणाचं उष्टं घरी नेलं नव्हतं. लोक मोडून टाकतात ते ती निवडत होती, धूत होती, रांधत होती.

“गाय नाही, मंदाकिनीताई. कधीच नव्हती.” आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. “हा पाला आम्ही खातो. मुळ्याचा पीठ पेरून, बीटाचा वरणात, फ्लॉवरची कोवळी पानं थालीपिठात. माझ्या मुलीचं हिमोग्लोबिन आठ होतं, काल अकरा आलं. सोसायटीच्या फळ्यावर लिहायचं असेल तर खुशाल लिहा.”

पलीकडे तोंडली निवडणारा माणूस थांबला. सृष्टीने मान वर केली.

“अहो, माझ्या म्हणण्याचा तसा अर्थ नव्हता,” मंदाकिनीबाई म्हणाल्या.

“तसाच होता,” नम्रता म्हणाली.

मंदाकिनीबाईंनी आपल्या हातातल्या मुळ्यांकडे पाहिलं. त्यांचा पाला त्यांनी आत्ताच तोडून टाकायला लावला होता. तो नम्रताच्या पिशवीत होता. त्या कोथिंबिरीच्या गाळ्याकडे गेल्या. जाताना मुळ्याचे पैसे द्यायला विसरल्या आणि परत येऊन देऊन गेल्या.

आता अवघड होतं ते पुढेच. सेक्रेटरीला सुनवायला फारसं धैर्य लागत नाही. नम्रताने पिशवीतल्या जुड्या एकेक करून बाहेर काढल्या आणि तराजूशेजारी ठेवल्या.

“मावशी, तुम्हाला मात्र मी फसवलं. तीन महिने. वजन करा. काय होईल ते देते, नाहीतर परत घ्या. पण आता गाईच्या नावाने नेणार नाही.”

कौशल्याबाईंनी तराजूला हात लावला नाही. त्यांनी हनुवटीनेच गाळ्याच्या कोपऱ्याकडे खूण केली. तिथे रंगनाथकाका वाकून पोतं भरत होते. चिखलाने माखलेला, पायाखाली आलेला, पिवळा पडलेला पाला ते दोन्ही हातांनी आत कोंबत होते.

“गाईचा त्यो तसला,” कौशल्याबाई म्हणाल्या. “गाईला जुडी बांधून कोन देतं, बाई?”

मग त्यांनी जुड्या परत पिशवीत भरल्या, पिशवी सृष्टीच्या हातात दिली आणि टोमॅटोच्या ढिगावरून पुढे वाकून तिची हनुवटी वर केली.

“आन् तू गं, आता तोंड फिरवत न्हाईस ना?”