तिसावी नोंद

एका पत्राला मी उत्तरच दिलं नव्हतं. विद्यापीठात मी संख्याशास्त्र शिकवायचो, शेजारच्या वर्गात ती विमागणित. तिने लिहिलं होतं, ‘माझ्याशी लग्न करून सुखी व्हाल का?’ तीसपेक्षा कमी नोंदींवरून निष्कर्ष काढू नये, असं मीच मुलांना बजावत असे. मग उत्तर कसं देणार? कंटाळून तिने लग्नाची तारीख ठरवून टाकली. माझ्याशीच.

तेव्हापासून दर लग्नाच्या वाढदिवशी मी वहीत एक नोंद करत आलो. आज तिसावी झाली. लगेच उत्तर लिहिलं, ‘हो. पंचाण्णव टक्के खात्रीने.’

ही खांद्यावरून वाचत होती. “उरलेले पाच टक्के कशाचे हो? आधी पेटीत टाकून या, मग बोलू.”

 

पत्र टाकून तास झाला. मी अजून टपालपेटीपाशीच उभा आहे.