टगरनं वेड पांघरलं

शांतिपूरच्या टगरचा नवऱ्यानं, निरापदनं, गळा आवळला, तेव्हा तिच्या हाताला नेमकी मासे कापायची विळी लागली. त्याच्या खांद्याला आठ टाके पडले आणि टगर गेली तुरुंगात. तिथं बाई डाराडूर झोपायची, कारण निजताना दाराकडं बघावं लागत नव्हतं. मग कळलं, की तिला जामिनावर सोडवून न्यायला तोच निरापद कोर्टात येतोय. त्या रात्री ती पुन्हा दाराकडं बघत बसली.

"वेड पांघर गं," कोठडीतली बीणामावशी म्हणाली. "विळी चालवणाऱ्या वेडीला कोण मोकळं सोडतंय?"

तारखेला टगरनं लग्नघरातल्या बायकांसारखी जीभ हलवत, उलू-उलू करत शिपायाला ओवाळलं. जजसाहेबांना म्हणाली, "अहो जावईबापू, हिलसा माशाचं कालवण गार होतंय, दोन घास खाऊन घ्या ना!" अख्खं कोर्ट खो खो हसलं. सरकारी वकील ओरडले, "साहेब, ही वेडी पुन्हा विळी उचलेल!" टगर मनात म्हणाली, बोला दादा, अजून बोला.

साहेबांचे मात्र डोळे पाणावले. "अरेरे, पोरीचं डोकं ठिकाणावर नाही. हिला तुरुंगात डांबणं पाप आहे. जामीन मंजूर. नवऱ्यानं घरी नेऊन नीट सांभाळावं."



निरापदनं मायेनं तिचा हात धरला आणि कानाशी लागला, "चल गं टगर, आता घरात तू कितीही ओरडलीस, तरी खरं कोण मानणार?"