पॉलिशपेपर

जुन्या बाजारातून आणलेल्या चार खुर्च्या आईने दोन वर्षांपूर्वी हौसेने रंगवल्या होत्या, भिंतीच्या उरलेल्या रंगात खडूची पूड कालवून. लेक फोनवर विचारायची, "संध्याकाळी एकटीच असतेस का गं?"

"छे, मैत्रिणींचा अड्डा जमतो रोज. चारही खुर्च्या भरलेल्या असतात."

आता लेक पहिल्यांदाच राहायला येणार होती. सकाळपासून आई जमिनीवर फतकल मारून पॉलिशपेपरने खुर्च्यांचे हात आणि कडा घासत होती. करकरीत कोरा रंग बघून पोरीला शंका यायला नको. दुपारपर्यंत तीन खुर्च्या बसून बसून झिजल्यासारख्या दिसायला लागल्या.



चौथीला पॉलिशपेपर लावावाच लागला नाही.