कोरडा पिस्टन

हुंड्यात मिळालेली मोटारसायकल जावयानं वर्षातच जाम केली अन् टेम्पोत टाकून साक्रीहून धुळ्याला सासऱ्याच्या गॅरेजात आणली. सोबत बायको मंजुळाही होती. सासऱ्यानं, चुडामण मिस्त्रीनं, इंजिन खोललं. पिस्टनवरच्या ओरखड्यांवरून बोट फिरवताना त्याचे डोळे भरून आले.

“जावईबापू, ही फोर स्ट्रोक शे. तेल पेट्रोलमध्ये नाही, खाली इंजिनात घालायचं. पिस्टन कोरडाच घासत राहिला, तरी बिचारी गाडी पळत राहिली. आता बरी होईपर्यंत राहू द्या तिला इथंच.”

मंजुळानं बापासमोर बाही वर सरकवली. दंडावर काळेनिळे वळ होते. “आबा, मी बी राहू?”

चुडामणनं पिस्टन स्वच्छ फडक्यात गुंडाळला.

“नको, बेटा. पाचची एस्टी शे. जावईबापू एकले कसे जातीन?”